गोल गॅलरी आणि आपांचा ड्रम

मित्रांनो, स्टेशनकडच्या आमच्या निजामकाळातल्या दुमजली बिल्डिंगचे फोटो तुम्ही इथं पाहिलेत. तिच्या गोल गॅलऱ्या टिकाव्यात म्हणून आज सकाळी मीच एका ओळखीच्या इंजिनिअरला बोलावलं होतं.

ते वर गेले आणि गॅलरीत पाऊलच ठेवेनात. म्हणाले, "वाऱ्याला बसायच्या जागेत तुम्ही पाण्याचे ड्रम ठेवलेत. गॅलरी झुकलीय. वरच्या मजल्यावर भरलेला ड्रम आता कुठंच नको. सगळं पाणी खाली ठेवा, नाहीतर गॅलऱ्या पाडाव्या लागतील."

यंदाच्या दुष्काळात टँकर आठवड्यानं येतो. पाइप गॅलरीपर्यंतच पोचतो, म्हणून ड्रमही तिथंच आले.

दुपारपर्यंत बाकीच्यांनी ड्रम खाली आणले. वर एकट्या राहणाऱ्या नसीम आपा मात्र हलेनात.

"ताई, तुम्ही फोटो काढा, हम पानी पियेंगे. जिना उतरायला गुडघे कुठायत माझे?"

"गॅलरी पडली तर, आपा?"

"पडली तर तुमच्याच अंगणात पडंल. तेव्हा काढा फोटो."

मी तळमजल्यावर राहते. म्हणाले, "तुमचा ड्रम माझ्याकडं ठेवा, मी पाणी वर आणून देते."

आपांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "रोज? पाऊस पडंपर्यंत?"

मी वळून जिन्याच्या पायऱ्यांकडं पाहिलं. आपांनी ड्रमवर झाकण ठेवलं आणि आत गेल्या.

या बिल्डिंगसाठी मी पानंच्या पानं लिहिलीत. रोज दोन कळशा जिना चढवायचा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही. खरं सांगा, तुमच्या निघाला असता?