ब्रेकला घातलेलं तेल

घड्याळजी आयुष्यात कधी चुकले नव्हते. म्हणजे असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायची हिंमत गल्लीत कोणाची नव्हती. दुरुस्त करून नेलेलं घड्याळ आठ दिवसांत पुन्हा बंद पडलं, की गिऱ्हाईक तणतणत दुकानात येई. घड्याळजी डोळ्याचं भिंगही न काढता विचारत, "घालून झोपलात का?" माणूस बिचारा कधी ना कधी झोपलेला असेच. झालं! चूक गिऱ्हाइकाची.

असल्या या माणसाकडे एक मोटारसायकल होती. मोटारसायकल म्हणायचं ते केवळ तिच्या वयाला मान देऊन. लग्नाआधी दोन वर्षं घेतलेली, म्हणजे घरात बायकोपेक्षा सीनियर. इंजिन इवलंसं, आवाज मात्र दांडगा, आणि चालू केली की पांढऱ्या धुरात मागचा माणूस दिसेनासा व्हायचा. मागे बहुतेक वेळा बायकोच असे.

आता सरकारला सुचलं, की जुन्या गाड्यांची तपासणी करायची. तीन संधी मिळणार. तिन्ही वेळा नापास झाली, की नोंदणी रद्द आणि गाडी थेट भंगारात. पहिल्या खेपेला तपासणी करणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंनी नऊ दोष काढले. हॉर्न मुका. हँडल मानेतच डुगडुगतं. मागचं चाक वाकडं. साखळी सैल. धूर तर विचारूच नका. आणि चासीचा नंबर रंगाच्या सात थरांखाली गडप.

"काटा चाळीसवर आहे," बाई म्हणाल्या, "आणि गाडी उभी आहे."

"पळते तेव्हाही चाळीसच दाखवतो," घड्याळजी अभिमानाने म्हणाले. "एकदम स्थिर आहे."

दुसऱ्या खेपेला नऊपैकी सात दोष गेले, पण पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं. पुन्हा नापास. तेव्हा मात्र घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. दोन रात्री जेवण गेलं नाही. शेवटी नाक मुठीत धरून ते तपासणी केंद्रासमोरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याला सगळे पाना म्हणत. पानाने महिनाभर खपून गाडी उभी केली आणि बजावलं, "काका, आता हिला हात लावायचा नाही. तुमची ती तेलाची पिचकारी तर हिच्या आसपास आणायची नाही."

तिसऱ्या तपासणीच्या सकाळी दोघं नवराबायको गाडीवर बसून केंद्राच्या फाटकात पोचले. तिथे ब्रेक दाबला आणि तो किंचाळला. रांगेतल्या माणसांनी वळून पाहिलं.

आता ब्रेक कधीमधी किंचाळतो. आतलं लायनिंग नवं असलं की जास्तच. पण घड्याळजींनी चाळीस वर्षं एकच धर्म पाळला होता: कुरकुरलं की तेल. इन्स्पेक्टरबाईंनी ऐकलं तर? मेलोच! त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातली पिचकारी काढली, चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला जे बारीक भोक असतं त्यात तिची सुई घातली आणि चांगलं चार घड्याळांचं तेल आत सोडलं. पुढच्या चाकात सोडलं, मागच्याला वाईट वाटू नये म्हणून त्यातही सोडलं. बायको बाजूलाच उभी होती.

"अहो, पानाने काय सांगितलंय?"

"त्याला काय कळतंय? तो हातोडीवाला माणूस."

नंबर आला. हॉर्न वाजला. दिवे लागले. हँडल घट्ट. चासीचा नंबर लख्ख. प्रत्येक खुणेबरोबर घड्याळजींची छाती इंचभर फुगत होती. मग बाई स्वतः गाडीवर बसल्या, चाचणीच्या पट्ट्यावरून झोकात निघाल्या, पांढऱ्या रेषेपाशी त्यांनी ब्रेक दाबला, आणि रेषा ओलांडून थेट पलीकडच्या टायरांच्या ढिगात जाऊन बसल्या. वरचा एक टायर गडगडत येऊन त्यांच्या मांडीवर थांबला.

आवाजाने पाना रस्ता ओलांडून धावत आला.

बाई उठल्या, कपडे झटकले. लागलं काही नव्हतं, पण चेहरा बघवत नव्हता. "आजोबा, ब्रेक कुठे आहे?"

"तुम्ही फार जोरात दाबलात," घड्याळजी म्हणाले. "जुन्या गाडीला असं दाबत नाहीत."

रांग खो-खो हसली. बाई हसल्या नाहीत. "हे बघा, लायनिंग संपलेलं असेल तर ही तिसरी वेळ. मी आत्ता शिक्का मारते, गाडी भंगारात. नुसतं तेल लागलं असेल, तर कोणी आणि कसं लावलं ते मालकाने लेखी द्यायचं. मग साफ करून आजच पुन्हा तपासता येईल. बोला लवकर."

घड्याळजींनी पानाकडे पाहिलं. पाना म्हणाला, "लायनिंग नवीन आहे बाई. मी घातलंय." आणि हाताची घडी घालून उभा राहिला. घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. एरवी ती मध्ये पडून सावरून घेई. आज तिने पदर खांद्यावर घेतला आणि ती टायरांचा ढीग बघत बसली.

"तेल... कुठून तरी गेलं असेल," घड्याळजी म्हणाले.

"कुठून तरी असं लिहिता येत नाही." बाईंनी शिक्का उचलला.

एकीकडे चाळीस वर्षांचा मान, दुसरीकडे ही टमरेलासारखी गाडी. "थांबा!" ते ओरडले. "मी घातलं. मीच. माझी चूक झाली."

कागद आणला. त्यांनी तेच वाक्य लिहिलं आणि सही ठोकली. पानाने ड्रम उघडले, लायनिंग पेट्रोलने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटत पुन्हा बसवलं. साडेबाराला बाईंनी ब्रेक दाबला. गाडी किंचाळली आणि रेषेवर जागच्या जागी थांबली.

"किंचाळू दे," बाई म्हणाल्या. "पास."

घरी निघाले तेव्हा घड्याळजी हवेत होते. "बघितलंस? पास झाली! अगं, ऐकतेस ना?"

"चौतीस वर्षं," बायको म्हणाली. "चौतीस वर्षं मी हे एक वाक्य तुमच्या तोंडून ऐकायला थांबले होते. आणि ते मिळालं कोणाला? या डबड्याला."

"अगं, काहीतरीच काय?"

"माझी आई फार आजारी असल्याचा निरोप आला, त्या दिवशी मी म्हटलं, आत्ता निघू. तुम्ही म्हणालात, एवढं काही नसतं, उद्या दुकान बंद करून सावकाश जाऊ. दुसऱ्या दिवशी गेलो. तेव्हा काय उरलं होतं? आणि वर तुम्ही मलाच म्हणालात, तू नीट सांगितलं नाहीस."

घड्याळजींनी गाडी भर रस्त्यातच थांबवली. दोन्ही पाय टेकून ते तसेच बसून राहिले. इंजिन धडधडत होतं, लपायला आता धूरही उरला नव्हता. मागे वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"तू नीट सांगितलं होतंस," ते म्हणाले. "माझंच चुकलं. तेव्हाच कळलं होतं मला."

बायकोने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, एकाने शिवीही हासडली, पण घड्याळजी जागचे हलेनात.

"हे लिहून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणखी एकदा म्हणा फक्त."