पाळी लांबवायच्या गोळ्या

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पिरिटची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर मला तेलगावचं काकांचं मेडिकल आठवलं. बारावीनंतर, फार्मसीला अर्ज करण्याआधी, मी एक वर्ष थांबले होते आणि तिथं काउंटरवर उभी राहत होते.

दिवाळी सरली होती. ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर रस्त्यावर घुरघुरत होता. त्याच्या ट्रॉलीतून आमच्या गल्लीतली शांतामावशी उतरून आली.

"पाळी लांबवायच्या गोळ्या दे. कारखाना बंद होईपर्यंत पुरतील एवढ्या."

"मावशी, इतके महिने खाल्ल्या तर लई वंगाळ. डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर देता येत न्हाई."

"कावून? पाळीत एक खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात ना आडोसा, ना पाणी. तू येतीस व्हय माज्या जागी तोडायला?" ती हसत म्हणाली.

मी दिल्या नाहीत. समोरच्या मेडिकलमधून गोळ्यांचा पुडा घेऊन ती ट्रॉलीत चढली. संध्याकाळी मी बाबांना हे ताठ मानेनं सांगितलं.

आता त्या गोळ्यांचे दुष्परिणाम मला तोंडपाठ आहेत. तरी ती मान आज ताठ राहत नाही. त्या दिवशी मुकादमाला कुणी नाही म्हटलं नाही, कारखान्यालाही नाही. नकार मिळाला तो एकट्या शांतामावशीला.