कोट्यातल्या तीन बाटल्या

सैन्यातलं माझं शेवटचं पोस्टिंग बंगलोरच्या लष्करी रुग्णालयात होतं. मी नर्सिंग ऑफिसर, हुद्दा मेजर, ताब्यात मानसोपचार वॉर्ड. तिथे येणारे बहुतेक जवान दारूमुळे आलेले असत. माझ्या निवृत्तीच्या वर्षी त्यांत माझा धाकटा भाऊ होता, सुभेदार मधुकर. पलटणीबरोबर तो श्रीलंकेत जाऊन आला होता. तिथून धडधाकट परतला. पिणं वाढलं ते परत आल्यावर.

शेजारच्या खाटेवर त्याच्याच कंपनीतला हवालदार कदम होता, रेडिओ ऑपरेटर. हातांची थरथर थांबली की दोघांचं सुरू व्हायचं.

"अल्फा, मी ब्राव्हो. चहात साखर आहे का? ओव्हर."

"नाही. सिस्टरनी केलाय. ओव्हर."

मी दोघांनाही गप्प करत असे.

उपचार झाले, दोघांना पेन्शन झाली. मधूची बायको सुनंदा साताऱ्यात शिक्षिका. तिने मला स्पष्ट सांगितलं, "ताई, वर्षभर थेंबही घेतला नाही तर मी स्वतः न्यायला येईन. एकदा जरी घेतली तर येणार नाही." मला ते रास्त वाटलं. मी बंगलोरच्याच मल्लेश्वरममध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मधूला ठेवून घेतलं. सकाळी मी एका नर्सिंग होममध्ये जात असे.

दारू सुटली की माणूस सुटला, असं लोकांना वाटतं. वॉर्डात चाळीस जणांना सांभाळणं सोपं होतं, कारण त्यांना सांभाळायला वॉर्ड होता. घरी एकटा मधू आणि अख्खा रिकामा दिवस. पहाटे उठून तो बुटांना पॉलिश करी, मग माझ्या चपलांना. स्वयंपाकघरातले डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. त्यानंतर मला हळद कधीही वेळेवर सापडली नाही. दारूच्या जागी त्याला गोड लागे. तो गूळ घेऊन हिंडायचा, मुंग्या यायच्या, मग गॅसशेजारी उकिडवा बसून मुंग्यांविरुद्ध मोहीम.

"ऊठ, मला पोळ्या करायच्यात."

"ताई, ही पोझिशन आत्ता सोडता येणार नाही."

हेही मी सोसलं असतं. पण लोक! माजी सैनिकाला कँटीनमधून दर महिन्याला रमचा कोटा मिळतो हे सगळ्या गल्लीला माहीत. गॅसवाला विचारायचा, वीज मंडळाचा लाइनमन विचारायचा. सगळ्यांत चिवट आमचे घरमालक. तीन पिढ्या बंगलोरला काढलेलं मराठी कुटुंब, गल्ली त्यांना अण्णा म्हणे.

"मिलिटरीचं घर आणि बाटली नाही? स्वल्प आमच्याकडेही बघा की, सुभेदारसाहेब."

"पोट बरं नसतं, अण्णा," मधू हसून म्हणायचा. आजाराचं कोणाला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं. मला ते पटत नव्हतं, पण सांगणं न सांगणं त्याचं होतं.

कदमला आनेकलजवळ एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली होती. काही महिन्यांतच तो गेला. लिव्हर. आम्ही बसने पोचलो तेव्हा त्याचा सुपरवायझर अंगणात उभा होता. तो मला कौतुकाने म्हणाला, "फार चांगला माणूस, मॅडम. कोणालाही नाही म्हणायचा नाही. कँटीनमधून आम्हा सगळ्यांना आणून द्यायचा."

खरं बोलले असते तर तिथे शोभलं नसतं. मधू खांदा द्यायला पुढे गेला होता. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

त्यानंतर अण्णांच्या मुलीचं लग्न ठरलं. अण्णा जिना चढून आले, मी घरी नसताना.

मी दुपारी परतले तर मधू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेला. पाठ ताठ, तोंड रस्त्याकडे, शर्ट घामाने ओला. मागे दाराला कुलूप.

"काय झालं?"

तो उठून उभा राहिला. "घरात रमच्या तीन बाटल्या. सील शाबूत. मी बाहेर."

"कोणी आणल्या?"

"मी. अण्णांना लग्नाला हव्या होत्या. त्यांना नाही म्हणता आलं नाही. आणून द्यायला गेलो तर खाली कोणी नव्हतं. वर आणून ठेवल्या."

"किल्ली दे."

"सम्पमध्ये टाकली."

बंगलोरच्या प्रत्येक घरापुढे जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला सम्प म्हणतात. आमची माणूसभर खोल होती.

"दुसरी किल्ली?"

"तीही."

मी भुकेलेली होते, पाय दुखत होते, दूध आत होतं. मी त्याला पुष्कळ बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दारासमोरून हलला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की केव्हाचा तो इथेच आहे. पाणीही प्यायला नव्हता, कारण पाणीही आतच होतं.

अण्णा आले. लोखंडी गज आणि हातोडी घेऊन वर चढले. "किल्ली सम्पमध्ये कशी काय पडली, सुभेदारसाहेब?"

मधू माझ्याकडे बघू लागला. मी दुसरीकडे पाहिलं.

"पडली नाही, अण्णा. मी टाकली." त्याचा आवाज हजेरी देताना असतो तसा होता. "मला दारूचं व्यसन होतं. हॉस्पिटलात होतो. पोटबीट काही नाही. बाटल्या तुमच्या आहेत, घेऊन जा. पुन्हा मला आणायला सांगू नका."

अण्णांची हातोडी हातातच राहिली. "आधी सांगायचं की हो."

"आता सांगितलं."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले आणि कुलूप तोडायला लागले. तीन बाटल्या पिशवीत घालून, नजर वर न करता खाली गेले. नव्या कुलपाचे पैसे त्यांनीच दिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बायकोने, अक्कांनी, रोज दुपारी मज्जिगे म्हणजे ताक वर पाठवायला सुरुवात केली, तेही तांब्याभर. ते कसं संपवायचं हा माझ्यापुढे नवा प्रश्न.

मधूने कोट्याचं कार्ड त्याच आठवड्यात परत केलं. काउंटरवरच्या क्लार्कने तीनदा विचारलं, "नक्की?"

वर्ष संपत आलं तेव्हा पलटणीच्या स्थापना दिवसाला बंगलोरमधले माजी सैनिक जमले. मधू जायचं म्हणाला. तिथे रम असणार, हे मी सांगितलं. त्याला माहीत होतं. वैतागून मी बरोबर गेले, अक्कांचं ताक थर्मासमध्ये घेऊन.

टोस्टच्या आधी एका निवृत्त सुभेदार मेजरसाहेबांनी शहीद जवानांची नावं वाचली. सगळे उभे. शेवटचं नाव झालं, ग्लास उचलले गेले, आणि मधू म्हणाला, "हवालदार कदम."

सुभेदार मेजर थांबले. "कदम ड्यूटीवर गेला नाही, मधुकर. घरी गेला."

"जी, साहेब."

तो तसाच उभा राहिला. हातात ताकाचा पेला होता आणि हात स्थिर होता. उचललेले ग्लास तसेच राहिले. शेवटी मी म्हणाले, "तो माझ्या वॉर्डात होता, साहेब. नाव घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मधूच्या पेल्याकडे.

"हवालदार कदम," ते म्हणाले.

मधू ताक प्यायला. पुढच्या महिन्यात सुनंदा आली आणि त्याला घेऊन गेली. डबे अजून उंचीप्रमाणेच आहेत.