पेपरात छापून आलं आणि पिंप गेलं

मंडळी, आज सकाळी स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसायला घेतल्या. डब्यांखाली अंथरलेला जुना पेपर उचलला, तर त्यावर ठळक बातमी: ‘शहराला आता रोज पाणी!’

मी तिथंच फतकल मारून बसले आणि एकटीच हसत सुटले.

ही बातमी आली त्या दिवशी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सगळ्या गल्लीला वाचून दाखवली होती. तेवढ्यावर थांबले तर ते अण्णा कसले! दुपारी आमचं पाण्याचं मोठं पिंप टेम्पोत घालून मोहोळला आत्याकडे पाठवूनसुद्धा दिलं.

आई ओरडली, “अहो, आधी नळाला येऊ तर द्या की!”

“पेपरात छापून आलंय. आता ही अडगळ कशाला?”

पाणी काही रोज आलं नाही. मग पाणी सुटलं की आम्ही पातेली, कुकर, चहाचे कपसुद्धा भरून ठेवायचो. आई त्यातला एक कप अण्णांपुढे ठेवायची. “घ्या, तुमचं रोजचं पाणी.” अण्णा हसून म्हणायचे, “येईल गं. खोटं कशाला छापतील?”

आता अण्णा नाहीत. तुमच्याही घरी होतं का हो असं छापलेल्यावर विश्वास ठेवणारं कुणी?

दुपारी मोबाईलवर पुन्हा तीच बातमी आली. आईला वाचून दाखवली. ती नंतर घेतलेल्या, काठोकाठ भरलेल्या पिंपाकडे बघत म्हणाली, “ते असते तर आज हेपण गेलं असतं.”

मग हळूच म्हणाली, “जाऊ दिलं असतं गं मी.”