आप्पांचे उघडे डोळे

आमच्या गावाकडच्या घरात आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, अकरा फोटो आहेत आणि अकराही फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले आहेत. लग्नात मिटलेले, माझ्या बारशात मिटलेले, सोसायटीच्या सत्कारात शाल-नारळासकट मिटलेले. फ्लॅश उडाला की डोळे मिटतात हे समजू शकतं, पण हा माणूस मोबाइलसमोरही "हं, काढतो" म्हटलं की पापण्या खाली घेतो.

आईला त्याची वेगळीच काळजी. "अठ्ठ्याहत्तर सरलं त्यांस्नी," ती एकदा मला हळूच म्हणाली, "उद्या काय झालं तर भिंतीला कुठला फोटो लावायचा? डोळं झाकलेला लावला तर लोक म्हणतील, जित्तेपणी एक बी काडला न्हाय, गेल्यावर काडला." हसावं की रडावं कळेना. पण तिचं खरं होतं आणि ते मला लागलं. उघड्या डोळ्यांचा एक तरी फोटो देईन, असं कबूल करून बसलो.

मी बेळगावात एका शाळेत क्लार्क आहे. रविवारचा नाद म्हणजे एक भलाथोरला लाकडी कॅमेरा. त्यात रीळ नसतं. तळहाताएवढ्या फिल्मचा एक तुकडा घालायचा, एक फोटो काढायचा, संपलं. स्टँड लागत नाही, हातात धरून काढता येतो, एवढंच त्याचं कौतुक. फ्लॅश नाही, आवाजही टिचकीएवढा, म्हणजे आप्पांना कळायच्या आत काम होईल असा माझा अंदाज. मात्र आत बघून फोकस करायची सोय नाही. अंतर मोजून भिंगावरचा आकडा लावायचा. त्यासाठी मी कॅमेऱ्याला दहा फुटी दोरी बांधली आहे. एका माणसानं टोक गिऱ्हाइकाच्या कानाशी धरायचं, मी मागे सरकत जायचं, दोरी ताणली की थांबायचं. बायको म्हणते, म्हैस घेऊन निघाल्यासारखे दिसता.

भातकापणीच्या दिवसांत गुंजीजवळच्या आमच्या रानात गेलो. फिल्मचे दोनच तुकडे भरून नेले होते. आप्पांना बांधावर उभं केलं, दोरीचं टोक आईच्या हातात दिलं. डोळ्यांना गॉगल, डोक्याला टोपी, छातीशी पेटी, असा मी मागे सरकत सरकत शेजारच्या रानात कधी शिरलो ते कळलंच नाही.

"मोजणी आली! मोजणी आली रं!" कुणीतरी ओरडलं.

मागे एकदा रस्ता रुंद करायचा म्हणून सरकारी माणसं टेप घेऊन रानं मोजायला आली होती. तेव्हापासून आमच्याकडे ताणलेली दोरी दिसली की कुणी चौकशी करत बसत नाही. शेजारचे काका विळा घेऊनच धावले, मागून पाच-सहा जण. माझ्यापुढे उभं राहून त्यांनी थेट कन्नडच सुरू केलं, "नोटीस एल्ली री?" नोटीस कुठाय म्हणून. ज्यांनी मला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं, ते मला साहेब समजून आदराचं 'री' लावत होते! मी गॉगल काढला. "काका, मी हाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? बापाचंच रान मोजाय लागलास व्हय रं?"

या गडबडीत माझ्या बोटानं कॅमेऱ्याची कळ दाबली गेली. पहिला तुकडा काकांच्या विळ्यावर खर्ची पडला.

खरा प्रकार कळल्यावर मंडळी मदतीला लागली, आणि ते जास्त वाईट. "आप्पा, डोळं मोठ्ठं करा!" "दम धरा!" आप्पांनी दम धरला, तोंड लालबुंद झालं आणि डोळे घट्ट मिटले. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना ओरडून रस्त्यापर्यंत पिटाळलं आणि दुसरा, शेवटचा तुकडा घातला.

पुन्हा दोरी ताणली. "आई, आता बाजूला हो."

आई कुठली होते! "थांब रं, टोपी बग कशी वाकडी," म्हणत, दोरी मुठीत तशीच धरून ती त्यांची टोपी सारखी करायला लागली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. चांगले टक्क डोळे उघडून. मी दाबून टाकलं.

फिल्म न्हाणीघरात धुतली, फोटो मोठा करून पुढच्या रविवारी घरी नेला. "उघडं हायत!" आई ओरडलीच. मग तिचं तोंड उतरलं. अर्ध्या फोटोत ती स्वतःच होती, केस विस्कटलेले, हात टोपीवर, मुठीतून दोरी. "आता ह्यो कसा लावायचा? माझ्यासकट हार घालणार व्हय? मला काडून टाक ह्यातनं. कॉम्प्युटरवर काडत्यात म्हणं."

"काढतो की," मी म्हणालो. सोपं काम होतं.

आप्पा चष्मा लावून बराच वेळ फोटो बघत होते.

"तिला काडू नगंस," ते म्हणाले. "तिला काडलंस तर मी कुणाकडं बगाय लागलोय, ते कळणार कसं?"

आईनं त्यांच्या हातातून फोटो ओढून घेतला. "ह्या वयात लाज न्हाय बगा," ती म्हणाली, आणि मला हातोडी आणि खिळा आणायला पाठवलं.