मेश्राम काकांची घरपट्टी

मेश्राम काकांकडे जेवायला जायचं, तर गाडी गल्लीच्या टोकाला लावून चालत यावं लागे. दारात चांगल्या गाड्या दिसल्या की कौंटीचा, म्हणजे जिल्हा सरकारचा, असेसर घराची किंमत वाढवून ठेवतो आणि मग घरपट्टी वाढते, असं त्यांचं पक्कं मत होतं. हा असेसर आमच्यापैकी कुणी कधी पाहिला नव्हता, पण वॉशिंग्टनजवळ हर्नडनला घर घेतल्यापासून काका त्याच्या धाकात होते. म्हणून छपराच्या पुढच्या कडेचं गटर लोंबतं, खिडकीची एक झडप वाकडी, रंगाचे पोपडे उडालेले. आत शिरलं की ग्रॅनाइटचा ओटा, चकचकीत लाकडी जमीन, आणि बाथरूम तर असं की माझा नवरा गेला की लवकर बाहेर येत नसे. मी एकदा अंगणातच "ब्यूटिफुल किचन, काका" म्हणाले, तर त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं. "घराचं कौतुक मराठीत करत जा, सुजाता. इंग्रजीत केलं की कौंटीले ऐकू जाते."

काका मूळचे नागपूरचे, पुलांचे इंजिनिअर, आता रिटायर्ड. दोन्ही मुलगे इथल्याच शाळांत शिकून फ्रीमाँटला नोकरीला गेलेले. माझी इरा शाळा सुटली की मी ऑफिसातून येईपर्यंत काकूंकडे असायची. पाचवीत तिनं शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन हे मोठं पितळी वाद्य घेतलं. आमच्या टाउनहाउसच्या भिंती शेजाऱ्यांच्याही असल्यामुळे प्रॅक्टिस काकांच्या बेसमेंटमध्ये. काका वर सोफ्यावर कानात कापूस घालून बसायचे. "पोरगी हुशार आहे," ते मला सांगत, "पण हे वाजवणं नाही बाप्पा, हे खाली बांधकाम चालून राहिलं."

त्या हिवाळ्यात शाळेनं कळवलं, पैसे कमी पडताहेत, पुढच्या वर्षीपासून बँड बंद. काकांनी काकूंना ताबडतोब चहा टाकायला सांगितला, सेलिब्रेशनचा. तेवढ्यात त्यांना जिन्यावर इरा दिसली. ट्रॉम्बोनची पेटी मांडीवर घेऊन मुसमुसत होती. इंजेक्शनला न रडणारी पोर ती. काका पार गडबडले. आधी बेसनाचा लाडू दिला, मग टीव्हीचा रिमोट दिला, मग स्वतःच्या कानातला कापूस काढला. मी पोचले तेव्हा त्यांची उलटतपासणी चालू होती.

"शाळेजवळ पैसे काऊन नाहीत?"

"कौंटी वोन्ट गिव्ह, आजोबा."

"अन् कौंटीजवळ काऊन नाहीत?"

"दे गेट इट फ्रॉम हाउझेस," इरा नाक पुसत म्हणाली. "लाइक युवर्स."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरं आहे ते. कौंटी प्रत्येक घराची किंमत ठरवते, त्यावर टॅक्सचा दर लावते, आणि जमलेल्या पैशांतला मोठा वाटा शाळांना जातो. ते चाटच पडले. त्यांची समजूत अशी की शाळेचे पैसे वॉशिंग्टनहून येतात आणि घरपट्टीतून त्या असेसरच्या गाडीचं पेट्रोल भरलं जातं.

"अहो काका, तुमची मुलं इथंच शिकली ना?"

"फुकट होती शाळा. म्हणून तर कधी विचारलं नाही."

"वीस वर्षं सांगून राहिले, ते गटर नीट करा," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

शनिवारी पाहते तर काका शिडीवर. कोट, कानटोपी, हातात ब्रश, आणि घराचा अर्धा दर्शनी भाग हळदीसारखा पिवळा. थंडीनं रंग वाळत नव्हता, ओघळत होता. माझ्या नवऱ्याला त्यांनी ऑफिसातल्या कुणाची तरी भारी गाडी मागून आणायला फोनही केला होता. दारात लावायला. "येऊ दे आता असेसरला," म्हणाले. मला हसू आवरेना. त्यांना खाली उतरवून सांगितलं, काका, एकट्या तुमच्या घरानं काही होत नाही. टॅक्सचा दर कौंटीचं बोर्ड ठरवतं. दर थोडा वाढला तर बँड राहील, नाही तर जाईल. बोलायचं असेल तर जाहीर सुनावणीत बोला.

सुनावणीला गर्दी होती. एकामागून एक पेन्शनर उठून सांगत होते, आमची मुलं कधीच शिकून गेली, आम्ही का भरायचं? काकाही पेन्शनरच, आणि दर वाढला तर त्यांनाही जडच जाणार होतं. त्यांचा नंबर आला. माइक खाली ओढून घेत ते इंग्रजीत, पण अगदी नागपुरी चालीवर म्हणाले, "माझं घर तुमच्याशी खोटं बोलत आलंय. आत ग्रॅनाइट आहे, येऊन बघा." काकूंनी पदरात तोंड लपवलं. बोर्डावरच्या बाई हसल्या. मग काका पुढे म्हणाले, "माझे दोन पोरं इथं शिकले. मी समजत होतो, फुकट. कोणीतरी म्हाताऱ्यानं भरले असतील ना पैसे. त्याची पोरं शाळेत नसतील, तरी भरले. त्याचं नाव मला माहीत नाही. आता तो म्हातारा मी आहे." एवढं बोलून ते जागेवर येऊन बसले आणि मला विचारलं, "जास्त झालं का?"  मी नाही म्हणून मान हलवली.

दर थोडा वाढला, बँड राहिला. काकांनी वाढलेल्या घरपट्टीबद्दल उन्हाळाभर कुरकुर केली, भेटेल त्याच्याजवळ केली.

पुढच्या वर्षी पानगळीत काका गेले. झोपेतच. फ्यूनरल होममध्ये बुद्धवंदना झाली, मुलगे दोन शब्द बोलले, आणि इरा ट्रॉम्बोन घेऊन पुढे आली. मी तिला नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. फार वाईट वाजवत होती, त्यात रडतही होती. शेजारच्या हॉलमध्ये दुसरं कुटुंब होतं. तिथला माणूस दबक्या पावलांनी काकूंजवळ आला आणि हळूच विचारू लागला, थोडं लवकर आवरता येईल का.

"वाजवू द्या तिला," काकू म्हणाल्या. "पैसे भरून गेलेत ते."