वेस्टेड म्हणजे दमलेली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. सांगायला बसले की आजही धक्का बसतो. ते माझ्याच तोंडून आलं होतं?

बोईसरच्या एका औषध कारखान्यात जयवंती आणि मी पॅकिंगला होतो. बेटेगावात एकाच खोलीत राहायचो. ती वाणगावकडची, चिकूच्या वाडीतली. मी पालघरची, इंग्रजी माध्यमाची. एकदा डबल ड्युटी करून आल्यावर मी गादीवर अंग टाकत म्हटलं, आय ॲम वेस्टेड. म्हणजे काय, तिनं विचारलं. पार दमलेली, मी सांगितलं. तिला शब्द इतका आवडला, की कामावरून आली की तोच म्हणायची. त्याचा दुसरा अर्थ – दारू पिऊन तर्र – मी सांगितला नाही. तेव्हा तरी मुद्दाम नव्हे.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा कोळगावला सरकारी नोकरीत. एका संध्याकाळी तिनं त्याला मेसेज केला – आज फुल वेस्टेड, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन – माझा नंबर तिनंच त्याला देऊन ठेवला होता. ऑफिसात कुणीतरी त्याला अर्थ सांगितला होता. जयवंती पिते का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

नाही, ती दमली होती – इतकं म्हणायला काय लागतं? मी म्हणाले, "शब्दाचा अर्थ तर तोच होतो." आणि फोन ठेवला.

का? तिचं ठरलं होतं, माझं ठरत नव्हतं. दुसरं कारण – शोधलं मी – नाही सापडत.

लग्न मोडलं. जयवंती चपला न काढता खोलीत आली, त्याचा नंबर लावून फोन माझ्यापुढे धरला. "दमणं हाच अर्थ हाय ना? तूच शिकवलास. एकदा सांग ना त्यांना."

"मला नाय आठवत गं," मी म्हणाले. तिच्याच बोलीत – जवळची वाटावी म्हणून.

तिनं फोन बंद केला. ऐकण्यात आपलीच चूक झाली असेल, असं म्हणाली. आणि दोघींचा भात लावला. मी तो जेवले.

असा संशयी माणूस गेला ते बरंच झालं – हेही मी स्वतःला सांगून पाहिलंय. पण फोन तर मीच उचलला होता.

पुढे माझं लग्न झालं. सासरी माझ्यासोबत पाठराखीण म्हणून जयवंतीच आली. चार दिवस राहिली. तेव्हाही मी काही बोलले नाही.